जेष्ठमध पहिल्यांदाच आणताय? मग दुकानात जायच्या आधी हे वाचा

घसा बसला, खोकला झाला, पित्त उसळलं की घरातलं कोणीतरी सांगतंच, "जेष्ठमध घे थोडा." पण किती घे, कसा घे, किती दिवस घे आणि मुख्य म्हणजे तू घ्यावा का, हे काही कोणी सांगत नाही. मग माणूस दुकानात जातो, काड्या की पावडर या गोंधळात एक पॅकेट उचलतो, दोन दिवस चघळतो आणि पुढे ते पॅकेट डब्यांच्या मागे वर्षभर पडून राहतं. नाहीतर उलटं, चव आवडते म्हणून रोज चहात, रोज काढ्यात, रोज दुधात सुरू होतं, आणि खरा घोळ इथेच होतो. जेष्ठमध गोड आहे म्हणून तो खाऊ होत नाही, ते औषध आहे, त्याला डोस आहे. एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

आधी हे आहे काय

जेष्ठमध म्हणजे एका झुडपाचं मूळ. झुडूप आपल्या तुरी-हरभऱ्याच्याच कुळातलं, कंबरेएवढं नाहीतर छातीएवढं वाढणारं, जांभळट फुलांचं. वर झाड दिसतं बारकं पण खाली मुळं खोल जातात आणि आडवीही पसरतात, आणि लावल्यावर साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी ती खणून काढतात, धुवून, तुकडे करून वाळवतात. वैद्य लोक यालाच यष्टिमधु म्हणतात, हिंदीत मुलेठी, गुजराती दुकानदार जेठीमध म्हणेल. ऑनलाइन मागवताना ही तिन्ही नावं टाकून बघा, एकच वस्तू तीन वेगळ्या भावांत मिळते. आपल्याकडे विकला जाणारा बराचसा माल बाहेरून येतो, अफगाणिस्तान, इराण, मध्य आशिया हा त्याचा मुलूख.

गोडी येते ती ग्लायसिरायझिन नावाच्या द्रव्यामुळे. साखरेच्या तीस ते पन्नास पट गोड. पण ही गोडी साखरेसारखी पटकन लागत नाही, जरा उशिरा येते आणि मग जिभेवर मागे रेंगाळत बसते, काहींना नेमकं तेच आवडत नाही. गुण बरेचसे याच द्रव्याचे आणि त्रासही याच द्रव्याचा, त्यामुळे हे नाव पुढे दोन-चारदा येईल.

काय घ्यायचं आणि कसं बघून घ्यायचं

पहिल्यांदा घेत असाल तर काड्याच घ्या, पावडर नको. काडी डोळ्यांना दिसते, पावडरीत काय मिसळलंय ते कळत नाही. काष्ठौषधीच्या दुकानात जा, पुण्यात मंडईच्या आसपास आहेत, मुंबईत मशीद बंदरच्या बाजूला किंवा बहुतेक मोठ्या बाजारात एखादं तरी जुनं दुकान असतंच जिथे बाळगुटीचं सामान मिळतं. तिथे मिळेल. पहिल्या खेपेला ५० ग्रॅम खूप झालं, खरंच. वस्तू हलकी असते, पिशवीभर दिसते.

काडी हातात घेऊन बघा. बाहेरून करडी-तपकिरी, उभ्या सुरकुत्या असलेली, आणि मोडली की आत पिवळी. हा आतला पिवळा रंग महत्त्वाचा. आत काळपट, राखाडी दिसलं, भुगा पडत असेल, बारीक भोकं दिसत असतील तर कीड लागलीये, परत ठेवा. वास फार नसतो, थोडा मातकट गोडसर, पण बुरशीचा कुबट वास आला तर अजिबात घेऊ नका. काडी सहज कटकन मोडत नाही, तंतू निघतात, ते बरोबर आहे. करंगळीएवढ्या जाडीच्या काड्या चघळायला बऱ्या, अगदी काडेपेटीतल्या काडीएवढ्या बारक्या नुसत्या सालीच लागतात. आणि दुकानदार ओळखीचा असेल तर कोपरा तोडून तोंडात टाका, चावल्यावर दहा-पंधरा सेकंदांत गोडी यायला हवी. नुसतं लाकूड चावल्यासारखं लागलं तर तो माल जुना आहे.

सोललेला जेष्ठमध पण मिळतो, पूर्ण पिवळा. महाग असतो, साल काढल्यामुळे कडवटपणा कमी. चहात-मुखवासात घालायचा असेल तर हा घ्या, काढ्याला सालीसकट चालतो.

एक सावधगिरी. गुंजेचा वेल माहितीये ना, लाल बी आणि त्यावर काळा ठिपका, जुन्या काळी सोनार सोनं तोलायला वापरायचे ती. तिचा पाला गोड असतो, पानाच्या विड्यात घालतात, आणि तिची मुळं जेष्ठमध म्हणून खपवायचे प्रकार जुने आहेत. गुंजेचं बी भयंकर विषारी. म्हणून गावाकडून कोणी "आमच्या कुंपणावरचा जेष्ठमध आहे" म्हणून मुळं आणून दिली तर प्रेमाने घ्या आणि वापरू नका.

काळ्या चकचकीत कांड्या किंवा वड्या दिसल्या तर ते जेष्ठमधाचं सत्व, म्हणजे काढा आटवून घट्ट केलेला. कितीतरी पटीने तीव्र. नवीन माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये, निदान वैद्याला विचारल्याशिवाय.

घरी पूड करताना

काड्या आख्ख्या मिक्सरमध्ये टाकल्या तर मिक्सर ओरडतो आणि तंतू पात्याला गुंडाळले जातात. आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या (धुतल्या तर नीट दोन दिवस उन्हात वाळवा, आत ओल राहिली की बुरशी), मग खलबत्त्यात ठेचून चपट्या करा, बोटाच्या पेराएवढे तुकडे करा आणि मग मिक्सरला थांबून थांबून फिरवा. पहिल्यांदा भरड निघेल, अर्धी भरड तशीच काढून ठेवा, ती काढ्याला आणि चहाला. उरलेली अजून फिरवून वस्त्रगाळ करा, म्हणजे जुन्या मलमलच्या कपड्यातून गाळा. ती चाटणाला, दुधाला. कपड्यावर जो काथ्यासारखा चोथा राहतो तो पण काढ्यात जातो, टाकू नका.

पूड फिकट पिवळी होते आणि फार उडते, मिक्सरचं झाकण लगेच उघडू नका, नाहीतर नाकातोंडात जाऊन शिंका सुरू. काचेच्या बरणीत, कोरडी. पावसाळ्यात ओल धरून गठ्ठे होतात, त्यामुळे एका वेळी महिना-दोन महिने पुरेल एवढीच करा, काड्या मात्र नीट ठेवल्या तर वर्षभर राहतात.

एक गमतीची टेस्ट. चमचाभर भरड अर्ध्या बाटली पाण्यात तासभर भिजत ठेवा आणि मग झाकण लावून जोरात हलवा. वर चांगला फेस येतो आणि बराच वेळ टिकतो, रिठ्यासारखा. ग्लायसिरायझिन त्याच जातीचं द्रव्य आहे म्हणून. फेस आला म्हणजे माल शंभर टक्के शुद्ध असं नाही, पण विकतच्या पावडरचा फेसच येत नसेल आणि पाणी पिठासारखं गढूळ होत असेल तर संशय घ्या.

किती घ्यायचा, हा हिशेब नीट समजून घ्या

हा भाग वगळून डायरेक्ट रेसिपीकडे जाऊ नका प्लीज.

युरोपियन कमिशनच्या शास्त्रीय समितीने २००३ मध्ये सांगितलं की नियमित खाणाऱ्याने दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लायसिरायझिनच्या वर जाऊ नये. आता हे १०० मिलिग्रॅम म्हणजे किती पूड? मुळात हे द्रव्य किती असेल ते मालावर अवलंबून, कमी-जास्त फार होतं, पण औषधी दर्जाच्या मुळात निदान ४ टक्के असावं असं युरोपातलं मानक आहे. ४ टक्के धरले तर १ ग्रॅम पुडीत ४० मिलिग्रॅम, म्हणजे अडीच ग्रॅम पुडीत १०० पूर्ण. आणि आपला चहाचा सपाट चमचा भरला की साधारण दोन ते अडीच ग्रॅम होतात. म्हणजे एक चमचा पूड पोटात गेली की दिवसाचा कोटा संपला, आणि माल जास्त चांगला असेल तर अर्ध्या चमच्यातच संपला. काढ्यात सगळं उतरत नाही त्यामुळे थोडी सूट, पण हिशेब असाच धरा.

आयुर्वेदाच्या भारतीय फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानक-ग्रंथात, पुडीचा डोस २ ते ४ ग्रॅम दिलेला आहे, आणि लोक मला म्हणतात बघा, हे तर जास्तच आहे. बरोबर आहे, पण तो औषधाचा डोस आहे, वैद्याने प्रकृती बघून, ठराविक दिवसांसाठी दिलेला. वरचा १०० मिलिग्रॅमचा आकडा रोज खाणाऱ्यांसाठी आहे. दोन्हींत भांडण नाही. डब्ल्यूएचओनेही डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ४ ते ६ आठवड्यांच्या वर घेऊ नका असंच म्हटलंय.

मी स्वतः नवीन माणसाला जे सांगते ते याच्या अजून अलीकडचं: तब्येत धडधाकट असेल तर दिवसाला अर्धा चमचा, सलग आठवडाभर, मग बंद. आठवड्यात बरं वाटलं नाही तर जेष्ठमध वाढवायचा नाही, डॉक्टरकडे जायचं. आणि मोजताना बाकीचं पण मोजा, खोकल्याचं आयुर्वेदिक सिरप, चघळायच्या गोळ्या, हर्बल चहा, यातल्या कितीतरी गोष्टींच्या लेबलवर बारीक अक्षरात यष्टिमधु किंवा मुलेठी असतंच. सकाळी काढा, दुपारी गोळ्या, रात्री सिरप, सगळ्यात तोच, असं सहज होतं. २०२० साली घरोघरी दिवसभर काढे उकळत होते तेव्हा हे किती जणांचं झालं असेल देव जाणे.

घशासाठी

चघळणं सगळ्यात सोपं. बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा, टोक जरा ठेचलेलं, दाढेखाली धरून हळूहळू चावायचं आणि रस घशातून सावकाश उतरू द्यायचा. तंतू सुटे झाले आणि गोडी संपली की थुंकून टाका, चोथा गिळायचा नाही. दिवसातून एक तुकडा, फार तर दोन. गाणारी मंडळी, कीर्तनकार, शाळेतले शिक्षक यांच्या खिशात हा असतोच, आणि गणपतीत आरत्या म्हणून म्हणून दहा दिवसांनी ज्यांचा आवाज कोंबड्यासारखा होतो त्यांनी तर विसर्जनाच्या आधीच आणून ठेवावा. चरकसंहितेत कंठाला हितकर अशा दहा औषधांचा एक गट दिलाय, त्यात जेष्ठमध आहे, म्हणजे हे आजीच्या बटव्याच्या पण बरंच मागचं ज्ञान आहे.

पण मला स्वतःला विचाराल तर घसा खवखवत असताना चघळण्यापेक्षा गुळण्या जास्त आवडतात. अर्धा चमचा भरड एक कप पाण्यात पाच-सात मिनिटं उकळायची, गाळायची, कोमट झालं की अर्धा-अर्धा मिनिट घशात घोळवायचं आणि थुंकून टाकायचं. पोटात जवळजवळ काही जात नाही हा मोठा फायदा. आणि याला आधुनिक पुरावा पण आहे, बऱ्यापैकी चांगला. ऑपरेशनच्या वेळी भूल देताना घशात नळी घालतात ना, त्यानंतर एक-दोन दिवस घसा फार दुखतो. २००९ मध्ये भारतातल्याच भूलतज्ज्ञांनी ४० पेशंटवर हे करून पाहिलं, भूल द्यायच्या पाच मिनिटं आधी निम्म्या लोकांना अर्धा ग्रॅम जेष्ठमधाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, आणि त्यांचा घसा नंतर कमी दुखला. मग २०१३ मध्ये व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी दोनशेहून जास्त पेशंटवर हेच केलं, तिथे तर जाड दुहेरी नळी होती आणि समोरच्या गटाला साखरेच्या पाण्याच्या गुळण्या दिल्या होत्या म्हणजे गोडीवरून कोणाला कळू नये, तरी जेष्ठमधवाल्यांचा त्रास बराच कमी निघाला. अर्धा ग्रॅम म्हणजे पाव चमचा बघा, एवढ्यात काम होतं. (ऑपरेशनच्या आधी आपल्या मनाने हे करू नका, त्या वेळी तोंडात काय घ्यायचं ते भूलतज्ज्ञ सांगतील तेच.)

कोरड्या खोकल्याला चाटण. पाव चमचा वस्त्रगाळ पूड, एक चमचा मध, चिमूटभर सुंठ वाटली तर. बोटाने हळूहळू चाटायचं आणि वर लगेच पाणी प्यायचं नाही, पंधरा-वीस मिनिटं तरी. रात्री झोपताना उबळ येणाऱ्यांना याने बरं वाटतं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कुठल्याच कारणाने द्यायचा नाही, हे वेगळं सांगायला नको पण सांगतेच.

काढा करायचा तर दोन कप पाणी, अर्धा चमचा भरड, पेरभर आलं ठेचून, पाच-सहा तुळशीची पानं, दोन मिरी. मंद आचेवर एक कप होईपर्यंत. गूळ आधी घालू नका, चाखून बघा, बहुतेक लागणारच नाही. फार वेळ रटरट उकळलं की कडू होतो आणि मग लोक त्यात साखर ओततात, काय अर्थ आहे. हा एक कप एकट्या माणसाचा दिवसभराचा.

कफ हिरवा-पिवळा, ताप, दम लागणं, खोकल्यातून रक्त, दोन आठवड्यांच्या वर खोकला, यातलं काहीही असेल तर घरगुती प्रयोग थांबवा.

पित्त, जळजळ आणि तोंड येणं

जळजळीला आपल्याकडे रात्री कपभर कोमट दुधात पाव ते अर्धा चमचा पूड देतात, कोणी दुधाऐवजी तुपात कालवून. तोंड आलं असेल तर तुपात कालवून नुसतं फोडावर लावतात, चुरचुर कमी होते, दिवसातून तीनदा लावलं तरी पोटात जाणारी मात्रा नगण्य.

पोटाच्या बाबतीत एक जुनी गोष्ट आहे जी मला फार बोलकी वाटते. १९४६ मध्ये रेव्हर्स नावाच्या डच डॉक्टरने लिहिलं की पोटातल्या अल्सरच्या पेशंटना जेष्ठमधाचा अर्क दिला तर अल्सर चांगले भरून येतात. आणि त्याच पेशंटपैकी साधारण पाचव्या हिश्श्याच्या लोकांच्या अंगावर सूज आली, डोकं दुखायला लागलं, दम लागायला लागला. गुण आणि दोष एकाच वेळी एकाच डॉक्टरने पाहिले. पुढे यातूनच इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकात कार्बेनॉक्सोलोन नावाची अल्सरची गोळी आली, तिलाही तीच खोड, पाणी साठायचं आणि बीपी वाढायचं, आणि नंतर दुसरी चांगली औषधं आल्यावर ती मागे पडली. आता बाहेरच्या देशांत डीजीएल म्हणून जेष्ठमधाच्या गोळ्या मिळतात, ज्यातून ग्लायसिरायझिन जवळजवळ काढून टाकलेलं असतं. परदेशात असाल आणि पोटासाठीच घ्यायचा असेल तर डॉक्टरला त्याबद्दल विचारा.

महिनोन्‌महिने पित्त होतंय, काळं शौच होतंय, वजन उतरतंय, घास अडकतोय, तर जेष्ठमधाने ते झाकू नका.

किचनमध्ये

साखरेला पर्याय म्हणून वापरायचा विचार मनातून काढा. शिरा-खीर याने गोड होत नाही, करायला गेलं तर डोस कुठल्या कुठे जातो आणि चव औषधी लागते. हा मसाल्यासारखा वापरायचा, चिमटीने.

दोन कप चहाच्या पाण्यात पाव चमचा भरड, आलं, गवती चहा, मग चहाची पावडर आणि दूध. साखर नेहमीपेक्षा कमी घाला, ती मागाहून येणारी गोडी बाकीचं सांभाळते. रोज नको, आठवड्यातून दोन-तीनदा.

मुखवासात तर फारच छान. एक वाटी बडीशेप आणि अर्धी वाटी धनाडाळ लिंबू-सैंधव लावून तासभर मुरवायची, मंद आचेवर भाजायची, दोन चमचे तीळ आणि एक चमचा ओवा वेगळा भाजून घालायचा, आणि सगळं पूर्ण गार झाल्यावर एक चमचा सोललेल्या जेष्ठमधाची पूड चोळायची. गरम असताना घातली तर ओल धरून बडीशेपेला चिकटते. चमचाभर पूड एवढ्या मोठ्या बरणीत वाटली जाते त्यामुळे चिंता नाही, साखरेच्या रंगीत गोळ्या घालायची गरजच राहत नाही.

बाहेरच्या जगात याचं खाणं आपल्यापेक्षा बरंच मोठं आहे. इजिप्तमध्ये रमजानमध्ये उपास सोडताना जेष्ठमधाचं थंडगार सरबत पितात, इर्क सूस. मुळाच्या भरडीला थोडं पाणी आणि चिमूटभर खायचा सोडा चोळून ती गडद होईपर्यंत ठेवतात, मग कपड्यात बांधून वरून थंड पाणी ओततात, खाली काळसर तपकिरी पाणी थेंब थेंब गळतं. रस्त्यावर विकणारे भलीमोठी सुरई गळ्यात अडकवून, हातात पितळी बशा वाजवत फिरतात आणि उंचावरून ग्लासात धार सोडतात, फेस येतो. तोच फेस जो आपण बाटली हलवून पाहिला. चिनी स्वयंपाकात मांस शिजवायच्या मसाल्याच्या पाण्यात याचे काप असतात. इटलीत कॅलाब्रियाचा जेष्ठमध नावाजलेला, इंग्लंडमध्ये पॉन्टेफ्रॅक्ट नावाच्या गावच्या काळ्या चपट्या गोळ्या प्रसिद्ध.

नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना हे माहीत असेल, ऑफिसात कोणीतरी काळ्या गोळ्यांचा डबा पुढे करतं आणि सगळे तुमच्या तोंडाकडे बघत बसतात. ते ड्रॉप, तिकडच्या जेष्ठमधाच्या गोळ्या. गोड असेल तर ठीक, पण खारं आणि त्यातही डबल खारं असेल तर पहिल्यांदा थुंकावंसंच वाटतं. फिनलंडमध्ये त्याचाच भाऊ सल्मियाक्की, त्यात नवसागर असतो, म्हणून तो झणका. युरोपात जास्त ग्लायसिरायझिन असलेल्या गोळ्यांच्या पाकिटावर बीपीवाल्यांनी जपून खा अशी सूचना छापावीच लागते, ती वाचा. अमेरिकेत लाल रंगाची लिकरिस (जेष्ठमधाचं इंग्रजी नाव) म्हणून कँडी मिळते त्यात बहुधा जेष्ठमध नसतोच, आणि काळ्यातही कितीदा नुसत्या बडीशेपेसारख्या वासाच्या तेलाचा स्वाद असतो, लेबल बघितल्याशिवाय कळणार नाही. जाता जाता, जगातला जेष्ठमध खाण्यापिण्यापेक्षा तंबाखूच्या कारखान्यांनीच वर्षानुवर्षं जास्त वापरलाय, तंबाखूचा कडकपणा मऊ करायला. घशाचं औषध आणि कुठे चाललंय बघा.

कोणी घ्यायचाच नाही

बीपी आहे, गोळी चालू असो वा नसो. हार्टचा त्रास. किडनी किंवा लिव्हरचा आजार. पोटॅशियम कमी राहतं. लघवीच्या गोळ्या चालू आहेत, त्यानेही पोटॅशियम जातं आणि याने पण जातं. हार्टची डिगॉक्सिन, स्टिरॉइड, रक्त पातळ करायची गोळी, यांपैकी काही चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय चिमूटभर पण नाही. गरोदर बायकांनी टाळावा, फिनलंडमध्ये तर गरोदरपणात जास्त लिकरिस खाणाऱ्या आयांच्या मुलांचा पुढे साधारण बारा-तेराव्या वर्षी अभ्यास झाला, बुद्धीच्या चाचण्यांमध्ये ती मुलं थोडी मागे दिसली, आणि तिथे सरकारी सल्लाच आहे की या काळात जास्त खाऊ नका.

होतं काय ते थोडक्यात. आपल्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन असतं, किडनीत त्याला निष्प्रभ करणारं एक एन्झाइम असतं. जेष्ठमध त्या एन्झाइमलाच अडवतो. मग कॉर्टिसॉल मोकाट सुटतं, किडनीला वाटतं मीठ धरून ठेवायचंय, मीठ आणि पाणी अंगात साठतं, पोटॅशियम लघवीतून निघून जातं. बीपी वाढतं, आणि पोटॅशियम फार खाली गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. २०२० मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या एका ५४ वर्षांच्या माणसाची केस छापून आली, तो काही आठवडे रोज दीडेक पाकीट काळी लिकरिस कँडी खात होता, आणि पोटॅशियम इतकं घसरलं की हृदय बंद पडून तो गेला. त्याच्या आधी तो लाल कँडी खायचा, काही आठवड्यांपूर्वीच काळ्याकडे वळला होता. तिथल्या एफडीएने आधीच, २०१७ मध्ये, चाळिशीच्या पुढच्यांना सांगून ठेवलं होतं की रोज दोन औंस, म्हणजे साधारण ५५-६० ग्रॅम, काळी लिकरिस दोन आठवडे खाल्ली तर हॉस्पिटल गाठावं लागू शकतं.

हे वाचून घाबरून काड्या फेकून देऊ नका, घशासाठी चार दिवस अर्धा चमचा आणि रोज दीड पाकीट यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण घेत असताना घोट्यावर सूज आली, मोज्यांचे वळ नेहमीपेक्षा खोल उमटायला लागले, पायात गोळे यायला लागले, डोकं जड, अशक्तपणा, धडधड, यातलं काही जाणवलं तर त्याच दिवशी बंद करा आणि दाखवून या. धडधड, छातीत दुखणं किंवा चक्कर असेल तर वाट बघू नका. डॉक्टर बहुतेक वेळा "काढा पिता का" असं विचारत नाहीत, आपणच सांगायचं. आणि बंद केल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी सगळं ठीक होत नाही, परिणाम उतरायला आठवडा-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात.

बाळगुटीचं काय

हा प्रश्न येणारच. बाळगुटीच्या सामानात हळकुंड, वेखंड, सुंठ, हिरडा, मुरुडशेंग, जायफळ, खारीक, बदाम यांच्याबरोबर जेष्ठमधाची काडी असतेच, आणि सहाणेवर एक-दोन वेढे उगाळून द्यायची पद्धत आहे. वेढा हे माप खरं तर हुशारीचं, फार थोडं उतरतं. पण बालरोगतज्ज्ञ सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका म्हणतात आणि माझंही मत तेच, कारण काडी कुठली, सहाण कशी धुतली, पाणी कुठलं हे सगळं त्या एवढ्याशा पोटात जातं. आजीला वाईट वाटतं हे खरंय. सहा महिन्यांनंतर द्यायचीच असेल तर तुमच्या बाळाच्या डॉक्टरला विचारून.

चेहऱ्याला लावणं आणि कुंडीत लावणं

डाग फिके व्हायला लेपात घालतात. जेष्ठमधात ग्लॅब्रिडिन म्हणून द्रव्य असतं जे त्वचेत काळा रंग तयार करणाऱ्या एन्झाइमला आवर घालतं, म्हणून महागड्या क्रीमच्या डब्यांवर लिकरिस एक्स्ट्रॅक्ट लिहिलेलं दिसतं. घरच्या लेपातून तेवढा उतरतो असं मला वाटत नाही, पण करून बघायचं असेल तर चमचाभर वस्त्रगाळ पूड दुधात किंवा गुलाबपाण्यात कालवून आधी कोपराच्या आत लावा, दिवसभर थांबा, खाज-लाली आली नाही तर चेहऱ्यावर दहा मिनिटं.

आणि बाल्कनीत लावता येईल का असं हमखास विचारतात. रोप नर्सरीत मिळालं तर वाढेल, पण मुळाला खोल भुसभुशीत माती, कोरडी हवा आणि तीन-चार वर्षं लागतात. कोकणातल्या पावसात आणि मुंबईच्या दमट हवेत मुळं कुजायचीच शक्यता जास्त. हौस म्हणून लावा, काड्या मात्र दुकानातूनच आणा.